ओल्या नाडीचा थर्मामीटर

कूलरवाल्याचं आडनाव निखारे.
दरवर्षी होळी झाली की मी यावर एकदा हसते,
मारोतरावही एकदाच हसतात,
मग शिडी मागतात.

जुन्या ताट्या ओढून काढतात,
क्षारानं कडक, पांढऱ्या पडलेल्या,
वाळत घालून विसरलेल्या शेवयांसारख्या.
नवीन वुडवूल हातानं पिंजत, जाळीत दाबत सांगतात,
"खिडकी उघडी ठेवत जा मॅडम.
बंद खोलीत पाण्याले जायाले जागा नाई राहत.
पाणी गेलं पाह्यजे. तवाच थंड."

सव्वीस वर्षं मी नववीला हेच शिकवते
फळ्याच्या दोन्ही बाजू भरून:
पाण्याचे सगळे कण एका वेगाचे नसतात.
जे फार उतावीळ, ते पृष्ठभाग सोडून उठतात,
जाताना आपली ऊब घेऊन जातात.
मागे राहिलेल्यांच्या संथपणाला
आपण गारवा म्हणतो.
इतकं सगळं निखाऱ्यांनी तीन वाक्यांत उरकलं,
आणि मी खाली शिडी धरून उभी.

गच्चीवरून उत्तरेला कोराडीचे मनोरे दिसतात.
लोक त्याला धूर म्हणतात. ती वाफ आहे.
तिथंही गरम पाणी उंचावरून ठिबकत येतं,
थोडं उडून जातं, उरलेलं निवतं.
त्या विजेवर माझा पंखा फिरतो.
एवढा थोरला कूलर
माझ्या खिडकीतल्या धाकट्याला चालवतो,
हे मला दर उन्हाळ्यात नव्यानं सुचतं
आणि सांगायला कुणी नसतं.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची. इतवारीतली, पत्र्याची.
शेवटच्या तासाला दोन थर्मामीटर टांगले.
एकाच्या फुग्याला बुटाच्या नाडीचा तुकडा गुंडाळला,
नाडीचं टोक वाटीतल्या पाण्यात.
कोरडा त्रेचाळीस. ओला बावीस.
एकाच खिळ्यावर, एकाच हवेत.

मागच्या बाकावरची उईके उठली.
"मॅडम, यातला खरा कोणता?"

पुस्तकात याचं उत्तर नाही.
मी म्हटलं, दोन्ही.
पोरी हसल्या. बाईंना येत नाही, असं हसल्या.
घरी जाताना रिक्षात
माझ्या मानेवरचा घाम सुकत होता,
तेव्हा सुचलं:
कोरडा सांगतो हवेचं,
ओला सांगतो आपलं.
पण तोवर तास संपला होता.

मे महिन्यात मनीषनगरच्या कुठल्याशा गच्चीवर
दुपारी दोन वाजता
मारोतराव मोटार काढता काढता खाली बसले.
त्यांची बायको मेडिकलच्या व्हरांड्यात सांगत होती,
"अंग तापलं होतं तव्यासारखं
अन् घामाचा एक थेंब नाई."
एक थेंब नाही.
म्हणजे वाटी कोरडी, नाडी कोरडी,
दोन्ही थर्मामीटर सारखे.

चौथ्या दिवशी मी गेले.
शीत वॉर्डात सहा खाटा, भिंतीला दोन कूलर,
कपाळावर ओली पट्टी.
मी ती काढली, बुडवली, पिळली,
फार नाही पिळली.
बादलीतलं पाणी कोमटच होतं. चालतं.
पाणी गार असावं लागत नाही,
त्याला निघून जाता आलं पाहिजे.

त्यांनी डोळे उघडले.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
ओठ हलले तशी मी वाकले.

"बुश गेला त्याचा."

कुणाचा?

त्यांनी बोट उचललं, उजव्या कूलरकडे.
"ऐका ना."

मी ऐकलं.
पंख्याच्या घरघरीत खरंच काहीतरी घासत होतं,
दर फेऱ्याला एकदा.
मी उठले, नर्सला विचारून
त्या बाजूची खिडकी उघडली
आणि पट्टी पुन्हा भिजवली.