साखरेचा खडा

आमच्याकडे चहा बशीत ओततात
आणि साखरेचा खडा दातांत धरून पितात.
फेव्रोनिया तशीच प्यायची, माझ्या आईपेक्षा मोठा आवाज करून.
आता चहा पार निवेपर्यंत
ती पेइपसी सरोवराकडे बघत बसते.
बर्फाला भोक पाडून कुणीतरी मासे धरतंय.

मूत्रपिंड मिळालं, त्याला सात महिने झाले.
कुणाचं, ते सांगत नाहीत.
शरीर त्याला परकं समजतं, म्हणून या गोळ्या,
असं टार्टूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मला कळलं ते एवढंच:
पाहुण्यावर भुंकू नये म्हणून कुत्र्याला गुंगी दिली,
आता कुंपणाखालून काहीही आत येतं.

सुरुवातीला मी म्हटलं, तोंड आलंय, जाईल.
गालाच्या आत पांढरे ठिपके, दही सांडल्यासारखे,
पुसले की निघायचे, खाली लालभडक.
मग ओठामागे फोड.
मग जिभेच्या कडेला एक पांढरा पट्टा,
उभ्या सुरकुत्यांचा.
तो पुसून निघत नाही.

बेचाळीस वर्षं या तोंडाने मला काय काय ऐकवलं,
पण आत डोकावून मी कधी पाहिलं नव्हतं.
कांद्याच्या माळांतलं कुजकं शोधायचा टॉर्च
मी आता रोज रात्री कोठारातून घरात आणतो.
"आ कर."
ती आ करते, छताकडे बघत.
मी वहीत लिहितो: उजवा गाल दोन. ओठ एक.
पट्टा तेवढाच.
कधीकधी लिहितो तेवढाच,
आणि तो तेवढाच नसतो.

सप्टेंबरात रस्त्याकडेला कांदे मांडले होते.
गिऱ्हाईक विचारतं, गोड आहेत का?
दरवर्षी ती एक उचलून सफरचंदासारखा चावायची,
बोलायची गरजच नसायची.
यंदा तिने माझ्याकडे बोट दाखवलं.
मी चावलो. डोळ्यांतून धारा.
गिऱ्हाईक हसलं. तीही हसली,
ओठ मिटून.

गुरुवारी टार्टूला जिभेचा तुकडा काढला, कांद्याच्या बीएवढा.
दोन आठवडे थांबा म्हणाले.
घरी येताना बसमध्ये तिने चकार शब्द काढला नाही;
टाका होता म्हणा.

आज समोवार तिनेच पेटवला.
डब्यातून खडा काढला, उजेडात धरला,
आणि माझ्या दातांत ठेवला.
"पी," म्हणाली, जडशा जिभेने,
"आवाज करून पी."