दोन बोटं माया

दुकानावर पाटी : एक ते चार बंद.
गंज पेठेत सगळे समजतात, हेंद्रे झोपतो.
समजू देत.

त्र्याण्णव साली जुन्या बाजारात
नळाच्या तोट्या आणि थांबलेली घड्याळं यांच्या मधे
एक गठ्ठा दिसला. अकरा मासिकं, तीस रुपये.
कोरेगाव पार्कातली कुणी परदेशी बाई
सामान टाकून मायदेशी गेली म्हणे.
मी गेलो होतो मशीनची बॉबिन केस शोधायला.
ती राहिलीच.

भाषा इटालियन की फ्रेंच, कळेना.
पण उरेब कापलेलं कापड कळत होतं.
कंबरेवरून असं सोडलेलं
की पाणीसुद्धा इतक्या समजुतीनं उतरत नाही.
शिवण कुठाय? भिंग लावून शोधली.
तीन दुपारी गेल्या.
चौथ्या दुपारी सापडली, काखेत लपलेली,
आणि बंद शटरआड मी एकट्यानं टाळी वाजवली.

नावं वाचता येईनात, म्हणून मीच ठेवली.
चालण्यात थोडा राग होता ती दुर्गा.
मान किंचित डावीकडे, ती सरोज.
आणि काळीभोर, पिवळ्याधमक झग्यातली, ती कृष्णा.
तिला पाहिल्यापासून
'तुमच्या रंगाला हे शोभणार नाही'
हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते गेलंच.

पुढे केबल आली.
रात्री साडेअकरानंतर आवाज बंद करून बघायचो.
एकदा शैलजा पाणी प्यायला उठली.
"या जेवतात की नाही?"
मी म्हटलं, टाच बघ कशी टाकते,
आणि मागचा घेर कसा
अर्धा क्षण उशिरा येतो.
ती बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली,
"त्या निळीसारखा गळा मला शिवाल?"

शिवला.
तिच्या भावाच्या लग्नात, सातारा रोडच्या कार्यालयात,
जेवणाच्या दोन पंगतींमधून
ती जिलबीची परात घेऊन आली.
पाठ सरळ, नजर समोर,
टोकाला पोचून वळताना किंचित थांबली.
त्या लग्नातलं मला दुसरं काही आठवत नाही.

मापांच्या वहीत देवधर, दातार, दुधाणे,
आणि अगदी मागच्या पानांवर त्या.
खांदा साडेपंधरा, छाती चौतीस, कंबर चोवीस. अंदाजे.
डोळा असेल तर फोटोवरून माप घेता येतं.
अ‍ॅडव्हान्स : नाही.
ट्रायल : नाही.
तारखेचा रकाना कोरा.

आता लक्ष्मी रोडला तयार ब्लाउज हँगरवर टांगलेले असतात.
मी चेन बदलतो. पँटची उंची कमी करतो.
शैलजा जाऊन सहा वर्षं झाली.
निळ्या गळ्याचा ब्लाउज कपाटात आहे,
मासिकांच्या शेजारी, डांबराच्या गोळ्यांत.

परवा दुपारी भाचीनं मोबाईल पुढे केला.
"मामा, तुमच्या त्या. पुन्हा चालल्या."
मी पायडलवरून पाय काढला.
तीस वर्षांनी, एका रांगेत.
दुर्गाचा राग निवलेला, उजवा गुडघा जरा जपून.
सरोजच्या मानेवर बारीक चुण्या.
कृष्णाचे केस पांढरे, आणि तिनं ते तसेच ठेवलेले.
घेर मात्र अजून
अर्धा क्षण उशिरा येत होता.

"वय दिसतं ना पण?" भाची म्हणाली.

मी चष्मा पुसला. वही काढली.
पान लगेच उघडलं, तिथंच उघडायची सवय आहे तिला.
चोवीसवर काट मारली.
कंबर तीन इंच सैल. दंड एक इंच.
खांदा तोच.

"आणि एवढं कापड कुठून आणाल?" ती हसली.

आतूनच निघतं, म्हटलं.
शिवतानाच दोन बोटं माया सोडलेली असते.
कधी लागेल ते तेव्हा माहीत नसतं.

चारला पाच कमी होते.
बाहेर कुणीतरी शटर वाजवत होतं :
फॉल लावायचाय, अर्जंट आहे,
झोपलात का हेंद्रे?