तिसरा आठवडा : पाणी

वहीत आखलंय : विषय पाणी.
गाणं एक, चित्रं चार, नवे शब्द सहा.
गोरेवाड्याची अंगणवाडी,
नगरसेवकानं दिलेला कूलर गळतोय.
"ताई, हा पोट्टा मले ढकलून राह्यला!"
हे वाक्य कुठल्या रकान्यात बसवू?
क्रियापद तर पक्कं आहे.

मैनी कुमरे आल्यापासून गप्प.
मी तिला चित्र दाखवते : पाणी. पाणी.
ती नुसते माझे ओठ बघते.

आज कूलरखाली तिनं ओंजळ धरली
आणि शेजारच्या पोट्ट्याला म्हणाली, "येर."
तो म्हणाला, "येर."
मग भिजत भिजत सगळेच.

उद्या पर्यवेक्षिका येतील.
सहा शब्दांखाली सातवा लिहिलाय,
पेन्सिलीनं.
येर की एर,
तिच्या आईला विचारायचंय.