बर्फाचा नांगर

मी नांगर चालवतो, बर्फाचा.
नोव्हेंबर ते एप्रिल, यॉर्कटनपासून कॅनोरापर्यंत,
आणि वारा फिरला की तोच रस्ता पुन्हा पहिल्यापासून.
म्हणून हॉकीचा संघ निवडायचा ठरलं
तेव्हा मी आधी नकाशा काढला,
हालिनाने कॅल्क्युलेटर.

डारका अकरा वर्षांची. गोलरक्षक.
गोल वाचवला की हसत नाही, सुटला की रडत नाही,
फक्त काठीने खांबावर दोनदा टकटक करते,
आत कोणी आहे का बघावं तशी.

पहिला संघ काळ्या जाकिटांचा.
दंडावर खेळाडूचं नाव, रुपेरी धाग्यात.
बावीस शनिवार-रविवार, तीन प्रांत,
मोटेलांची यादी आधीच छापलेली.
प्रशिक्षक कोलफॅक्स हात जरा जास्तच दाबतो,
म्हणतो, "आम्ही मुली घडवतो,"
जणू आम्ही आजवर नुसत्याच वाढू दिल्या.
मी विचारलं, राखीव गोलरक्षक किती खेळते?
तो म्हणाला, ज्याची भूक मोठी त्याचं ताट मोठं.
हालिनाने टेबलाखालून पाय मारला.
मी पुढचं गिळलं.

दुसरा संघ, संघ म्हणायचा तर, चौदा मुली,
त्यातल्या तिघी बहिणी,
आणि तोफ्टबाई, ज्या दिवसा टपालकचेरीत शिक्के मारतात.
जर्सी हिरव्या,
धुऊन धुऊन वाटाण्याच्या सुपासारख्या झालेल्या.
गेल्या हंगामात किती जिंकलात?
बाई बोटं मोजू लागल्या, एकाच हाताची,
आणि मधल्या बोटापाशी थांबल्या.

डारकाला काळं जाकीट हवं.
आरशासमोर उभी राहून दंडावर बोट फिरवते,
आमचं लांबलचक आडनाव मावेल का म्हणून.
मी काय बोलणार?
मलाही कधी कोणी निवडावं असं फार वाटायचं.
मी काठावर बसून दुसऱ्यांच्या स्केट्सना धार लावायचो.
हे खरं तर इथे लिहायचं नव्हतं.

फेब्रुवारीतली एक रात्र मी घरी सांगितली नव्हती.
उणे एकतीस. सव्वाअकरा.
माझ्या दिव्यांच्या झोतात एक बस, नाक चरात.
बाहेर तोफ्टबाई, हातात खेळण्यातलं वाटावं असं फावडं,
भुवया पांढऱ्या.
"नऊ-एक," त्या म्हणाल्या, मी काहीच विचारलं नसताना,
"पण तो एक बघायला हवा होता तुम्ही!"
मी साखळी अडकवली, आत डोकावलो.
मुली पत्ते खेळत होत्या, कुजबुजत,
कारण मागच्या बाकावर
नऊ गोल खाल्लेली पोर झोपली होती,
अंगावर बाईंचा कोट.
बाई बाहेर नुसत्या स्वेटरवर.

हालिनाच्या वहीत रकाने आहेत:
फी, पेट्रोल, मोटेल, बर्फावरचे तास.
कोट कुठे लिहायचा?
मी तिला शेवटी ते सांगितलं, भांडी पुसताना.
ती बराच वेळ एकच बशी पुसत राहिली.

हिरव्या संघाच्या कागदावर सही केली.
डारका चार दिवस बोलली नाही.
पाचव्या दिवशी बोलली: "मीठ दे."

बरोबर केलं का, माहीत नाही.
कदाचित त्या काळ्या जाकिटात ती फार लांब गेली असती,
आणि मी उगीच एका कोटाला भुललो.
घोडं कुठे पेंड खाईल ते कळायला
अजून दोन-तीन हिवाळे जातील.

आज पहिला सामना. पाच-दोन, हरलो.
मला सुट्टी आहे, पुढे ग्रेगचा नांगर,
त्याचा निळा दिवा बर्फावर गरगरतोय.
मागच्या सीटवर डारका आणि त्या तिघींतली धाकटी,
तिचे वडील पोटॅशच्या खाणीत रात्रपाळीला.
गाडीभर ओल्या हातमोज्यांचा वास.
डारका बाहीने काच पुसते, मागे बघते.
"बाबा, हळू ना जरा. बाईंची बस दिसत नाहीये."

मी वेग कमी करतो.
आरशात बराच वेळ काहीच नसतं.
मग दोन दिवे,
एक दुसऱ्यापेक्षा मंद.