एकच शेंडा

असगोलीच्या खालच्या वाडीत
रोठ्याची नऊशे रोपं पिशव्यांत भरलेली,
त्यांतल्या तिसऱ्या ओळीत एक,
दुसऱ्या पानालाच पांढरं निघालं.

कोड आलंय त्याला, म्हणाली अनशी,
आणि बोलता बोलता मनगट पदराआड नेलं.
उपटायचं ना?
मी म्हटलं, पिशवी भरून झालीय, राहू दे.
एवढंच. दया नव्हती, नजर तर नव्हतीच.
माती फुकट जाऊ नये, इतकाच हिशेब.

तिसरं पान उलगडलं ते
चुन्याचं बोट ओढावं तसं,
अर्धं हिरवं, अर्धं साय,
मध्ये कुठे कुठे दोन्ही रंग
एकमेकांत शिरता शिरता थांबलेले.
भाच्याने फोटो काढला. कुणाला पाठवला, देव जाणे.

मग माणसं यायला लागली.
कुंभार्ली घाट उतरून, वळणांवर ओकून,
समुद्र कुठे हेही न विचारता
थेट तिसऱ्या ओळीत,
गुडघे टेकून. देवळात नाही टेकत हल्ली कुणी असे.
एकाने भिंग आणलं, एकाने फूटपट्टी,
एक बाई नुसतीच बसली पिशवीशेजारी
आणि उठताना म्हणाली, येते हं.
मला नाही, त्याला.

कऱ्हाडचे डॉक्टर बेंद्रे भूल देतात लोकांना,
स्वतःला मात्र तीन आठवडे झोप नाही.
माझंच झाड त्यांनी मला शिकवलं:
आंब्याला कलम, जास्वंदीला फांदी,
डाळिंबाला गुटी.
माडाला, पोफळीला एकच शेंडा,
तो कापून दोन होत नाहीत.
बी लावाल तर बहुधा हिरवंच येईल.
याला डोळा भरता येत नाही,
म्हणाले, आणि त्यांचेच भरले.

पांढरा भाग काही रांधत नाही म्हणे,
हिरव्याच्या जिवावर बसून खातो.
जावईच म्हणायचा, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
त्यांचं असंच एक होतं, पानागणिक उजळत गेलं,
सातवं पान निखळ पांढरं,
आठवडाभर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही,
मग गेलं. उपाशी.
दुसरं एक हिरवं झालं, पूर्ण, धडधाकट.
ते त्यांनी वॉचमनला देऊन टाकलं.

सुधारलं म्हणायचं ना हो ते?
मागून अनशी.

आकडा बोलले तो इथे लिहीत नाही.
त्यात विहिरीला नवा पंप बसतो,
वर पंपाला खोली.
मी म्हटलं, पुढचं पान येऊ दे.
का म्हटलं, ठाऊक नाही.

वैशाखात अनशीने न सांगता
चार काठ्या रोवून वर झावळी टाकली.
पांढरं भाजतं उन्हात, म्हणाली.
तिला कुणी भिंगातून शिकवलेलं नव्हतं.

आता सुई आलीय.
सरळ, मिटलेली, वीतभर.
रात्री बॅटरी घेऊन जाते,
घरात सांगते, पाट बघून येते.
सुईच्या कडेला एक दोरा दिसतो,
पांढरा,
किंवा बॅटरीचाच उजेड.
बोट लावावंसं वाटतं, लावत नाही.
फोन थरथरतो कमरेशी, कऱ्हाडचा.
तोही उचलत नाही.

बाकीची आठशे नव्व्याण्णव
हिरवी, निरोगी, गिऱ्हाईक ठरलेली,
ज्यांतल्या एकाशीही मी कधी वाकून बोलले नाही,
ती सकाळी टेम्पोत चढतील.
अनशी मोजेल नेहमीसारखी, पिशवीला बोट लावत,
ओठांतल्या ओठांत,
आणि तिसऱ्या ओळीत पोचली की
झावळी जराशी सारखी करून
मोजल्यावाचून पुढे जाईल.