मीटर न पडणारे फोन

बोरीच्या काठी, पारोळ्याच्या रस्त्याला
माझं एक बूथ होतं. पिवळी पाटी,
काचेचं दार, लाल आकड्यांचं मीटर,
आत एका माणसापुरती जागा आणि उकाडा.
येणाऱ्या फोनला मीटर पडत नाही.

भिकनचा फोन रविवारी यायचा, कधी यायचाही नाही.
"तात्या, मायला बोलवा, दहा मिनिटांत पुन्हा लावतो."
मी सायकल काढायचो.
केवळबाई शेणाचे हात तसेच घेऊन यायची,
रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची, भरल्या तांब्यासारखा,
आणि इतकी ओरडायची
की पलीकडच्या गिरणीत दळण थांबवून लोकांना कळायचं,
म्हैस व्याली, पारडी झाली.
तो विचारायचा, दादर निसवली का?
बर्फात उभा राहून.

तीन लेकरं गेल्यावर हे झालं,
म्हणून पाच घरी पदर पसरून मागून घेतलं
आणि नाव ठेवलं भिकन.
असल्या नावाकडे मरण बघत नाही म्हणतात.

त्या उन्हाळ्यात फोन आला, तो भिकनचा नव्हता.
मी सायकल काढली,
पण बसता आलं नाही. हातात धरून नेली.

पेटी आली, बंदुका झाल्या, भाषणं झाली,
शाळेला नाव दिलं. ते गावानं पाहिलंय.
मी सांगतोय ते नंतरचं.

श्रावणात एका रात्री घंटी वाजली.
"भिकन की माताजी से बात हो सकती है?"
गढवालचा होता. पुढच्या महिन्यात रोहतककडचा.
मग एक, ज्याचा पाय तिथंच राहिला होता.
चौथा बोलायचाच नाही, नुसता श्वास यायचा.
केवळबाईला हिंदी येत नव्हतं, त्यांना अहिराणी.
"जेवना का भाऊ?" ती विचारायची.
"जी माँ," ते म्हणायचे.

तुकड्यातुकड्यानं मला कळत गेलं.
चौघं एका दगडाआड, बैलगाडीएवढाही नसेल तो.
एकाचा पाय फुटलेला. वरून मशीनगन
दगडाचा काठ खात होती,
उंदरानं पोतं कुरतडावं तशी, घाई न करता.
भिकन पाचवा. जरा बाजूला, घळीत, सुखरूप.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
तो उठला आणि उलट्या अंगाला धावत सुटला,
उघड्या उतारावर, दोन्ही हात वर करून, ओरडत.
बंदूक त्याच्याकडे वळली.
तेवढ्यात तिघं चौथ्याला ओढत घळीत उतरले.
"बत्तीस पावलं," गढवालचा म्हणाला. "मैंने गिनी हैं."

मग जरा थांबून:
"चाचा, एक पूछना था. वो चिल्ला क्या रहा था?
हाऽऽ हुर्र, हाऽऽ हुर्र, ऐसा कुछ.
किसी देवता का नाम है?"

मला हसू आलं. मग मी बूथचं दार आतून लावून घेतलं.

देवाचं नाव नव्हतं ते.
सातवीत असल्यापासून पोरगं
दादरच्या शेतात माळ्यावर उभं राहायचं
गोफण घेऊन. दगड कमी, आवाज जास्त.
पाखरू मारायचं नाही, उडवायचं, असा त्याचा हट्ट.
तीच आरोळी.

केवळबाईला मी हे सांगितलं.
तिनं रिसीव्हर ओढून घेतला.
"मंग," ती ओरडली, "उडनात का पाखरे?"
मी हिंदी केलं, जमेल तसं.
तिकडं बराच वेळ नुसती खरखर.
"हाँ माँ," तो म्हणाला. "चारों."

आता बूथ नाही. त्याच जागेत ठिबकच्या नळ्या विकतो.
फोन ज्याच्यात्याच्या खिशात आहेत.
तरी ती लाईन मी बंद केली नाही, भाडं भरतो.
पोरं हसतात. हसू देत.
चौथा अजून तोच नंबर लावतो.

परवा तो पहिल्यांदा बोलला.
म्हणाला, इस साल दादर कैसी है, चाचा?

निसवलीय, मी म्हटलं.
पाखरं फार आहेत यंदा.