चार बोटं

कोपऱ्यावर शकूरभाईंची करवत सकाळी आठला सुरू होते
आणि बारापर्यंत आमच्या गल्लीतली प्रत्येक गोष्ट
किल्ल्याच्या रंगाची होते:
स्कूटरची सीट, दुधाची पिशवी, वाळत घातलेला परकर,
आणि मी वर्षभर पैसे साठवून उभा केलेला
एका कुशीला काच असलेला काळा कॉम्प्युटर.

त्याच्या आत पाणी फिरतं. निळसर, दोन नळ्यांतून.
लोकांना वाटतं, पाणी आहे म्हणजे वाऱ्याचं काम संपलं.
पाणी नुसता हमाल.
ताप उचलून रेडिएटरच्या दारात आणून टाकतं,
पुढचं वाऱ्यानं बघायचं.
आणि ग्वाल्हेरचा वारा
रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जात नाही.

मे महिना. रेडिएटरच्या पापुद्र्यांत नमदा जमलेला,
मांजराच्या पिल्लाएवढा.
एका हॉटेलच्या दर्शनी भागाचं रेंडर चाललेलं,
चौतीस झरोके, प्रत्येकाची नक्षी वेगळी.
अकराव्या झरोक्याला आकडा सत्त्याण्णव झाला
आणि पडदा काळा.

मग जाळ्या. टोपी बाजारातून नायलॉनची बारीक,
तिच्यावर आईच्या विटलेल्या चंदेरीचा तुकडा,
जुन्या फ्रिजच्या दाराचं चुंबक कापून चौकट.
धूळ थांबली.
वाराही थांबला.
पंखे बोंबलायला लागले.
चंदेरी काढली: एक्क्याऐंशी, आणि बुधवारी पुन्हा धूळ.
लावली. काढली.
आठवडाभर मी चंदेरीचीच चाकरी केली.

नाना खुर्चीतून बघत होते.
गिरणीच्या कार्डिंग खात्यात एकोणतीस वर्षं,
तोंडाला फडकं.
"दुपदरी बांधलं की रुई अडायची, पण जिना चढवायचा नाही.
एकपदरी बांधलं की जिना चढायचो
आणि रात्री खोकायचो."
मग तुम्ही कसं बांधायचात?
"जॉबर बघत असला की दुपदरी."

त्यांनीच देवापुढची उदबत्ती आणली,
यंत्राभोवती फटीफटीशी धरली.
स्वयंपाकघरातून आई: "आता याचीही आरती का?"
पुढच्या जाळीपाशी धूर जरासा वाकला.
मागे, कार्डांच्या खाचांपाशी, तारांच्या भोकापाशी,
जिथे जाळीच नव्हती,
सुतासारखा सरळ आत गेला.
पुढच्या दाराला मी दोन कुलुपं घालून बसले होते
आणि मागचं अंगण उघडं.

"कूलर लावतो तेव्हा काय करतो आपण?"
काय करतो!
खसच्या ताट्यांतून वारा आत रेटतो
आणि मागची खिडकी चार बोटं उघडी ठेवतो.
सताड उघडली तर लू घरात.
मिटली तर कोंदट, चिकट, आणि आईची बडबड.
घर आतून जरा फुगलेलं असलं
की फटींतूनही वारा बाहेरच निघतो,
धूळ उंबऱ्यावर ताटकळते.
हे मला लहानपणापासून माहीत होतं.
कॉम्प्युटरलाही खिडकी असते, हे सुचलं नव्हतं.

मागचा एक पंखा बंद केला, दुसरा अर्ध्या वेगावर.
चंदेरी परत ट्रंकेत.
उदबत्तीची राख नानांच्या धोतरावर पडली,
पण धूर खाचांपासून लांब सरकला.
आकडा अठ्ठ्याहत्तर.
जाणकार सत्तरच्या खालची गोष्ट करतात.
त्यांच्या कोपऱ्यावर शकूरभाई नसणार.

दर दुसऱ्या रविवारी जाळी मोरीत धुते.
"आतून बाहेर धू. बाहेरून पाणी मारलंस
तर धूळ आतच ठोकशील," नाना,
प्रत्येक वेळी, जणू पहिल्यांदाच.
पाणी आधी चहासारखं, मग डाळीच्या वरणपाण्यासारखं,
मग पाण्यासारखं.

रात्री रेंडर चालतं. सव्विसावा झरोका.
पंखे चढतात, उतरतात,
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा हिरवा.
भिंतीपलीकडे नाना खोकतात.
त्यांचा आकडा कुठे दिसत नाही.
उठते,
खिडकी चार बोटंच उघडी आहे ना
ते अंधारात हात घालून मोजते.